गावपळणीचं कुलूप

विलेपार्ले (पूर्व),
९ नोव्हेंबर १९८६

ती. वनमालाताईस,
सुलक्षणाचा नमस्कार.

चारकोपच्या खोलीची चावी मिळाली. म्हाडाच्या ऑफिसात मी एकटीच गेले, दाखवतील तिथे सह्या केल्या आणि चावी पदराला बांधून घरी आले. हे बोटीवरून मार्चशिवाय उतरत नाहीत आणि आमच्या मालकाला ही पार्ल्याची खोली डिसेंबरअखेर रिकामी हवी आहे. म्हणजे बिऱ्हाड मलाच हलवायचंय. मदतीला कोण, तर सहा वर्षांची मीरा.

बाकी कशाचं काही नाही गं, पण तुझ्या ट्रंकेपायी माझी झोप उडाली आहे. गणपतीनंतर तू इथे येऊन जयाच्या लग्नाची सगळी खरेदी केलीस, शालू काय, भांडी काय, सगळं ट्रंकेत भरलंस, कुलूप घातलंस आणि किल्ली घेऊन गावी गेलीस. माघात लग्नाला येताना घेऊन ये म्हणालीस. मधेच त्या ट्रंकेला घर बदलावं लागेल हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

त्यात शेजारच्या नलिनीताईंच्या भावाचं झालेलं ऐकलंय. तो भांडुपला राहायला गेला. सामानाचा टेम्पो पुढे आणि हा रिक्षाने मागे. घाटकोपरपर्यंत टेम्पो दिसत होता, मग गर्दीत जो गेला तो गेलाच. घरातला फक्त पाटा-वरवंटा वाचला, कारण जड म्हणून हमालांनी तो उचललाच नव्हता. हे ऐकल्यापासून मला रस्त्यातला प्रत्येक टेम्पो पळून चाललाय असं वाटतं.

दोन माणसं पाहिली आहेत. स्टेशनजवळ ऑफिस आहे तो चंद्रप्रकाश. त्याने मला बसा म्हटलं नाही, सरळ प्रश्नच सुरू केले. मजला कितवा, जिना किती रुंद, कपाटाचे पाय निघतात का, चारकोपला गाडी दारापर्यंत जाते का. सगळं छापील कागदावर लिहून घेतलं आणि वर माझी सही मागितली. जसं काही मीच त्याचा टेम्पो घेऊन पळणार आहे.

दुसरा राजाराम. भाजी घेताना मी मालवणीत काहीतरी पुटपुटले तर मागून आवाज आला, "बाय, खंयच्या गो तुमी?" देवखोल म्हटल्यावर त्याचा चेहराच उजळला. "माजो गाव तो!" म्हणाला. त्याचा स्वतःचा टेम्पो आहे. पावतीचं विचारलं तर हसला. "आपल्या माणसाक पावती कसली? तुजा सामान ता माजाच सामान."

ताई, कुणाला सांगू? तू म्हणशील तसं करते.

तुझी,
सुलक्षणा


देवखोल, ता. मालवण,
१७ नोव्हेंबर १९८६

चि. सुलक्षणा हिस,
ताईचे आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले आणि मग ट्रंकेचं आठवून हसू आवरलं. तू जन्माची घाबरट. मे महिन्यात इथे यायचीस तेव्हा शेजारच्या गरीब म्हशीला वाट द्यायला दगडी गडग्यावर चढून बसायचीस.

यात विचारायचं काय? राजारामला सांग. परक्याच्या छापील कागदाचं काय लोणचं घालायचंय? गावचा माणूस पळून पळून जाईल कुठे? जत्रेला त्याला इथे तोंड दाखवावंच लागतं. देवळाकडच्या लवूकाकांचा मुलगा राजाराम, शाळा सोडून मुंबईला गेलेला, तोच असणार. पोर लहानपणी गुणी होतं. माझं नाव सांग त्याला.

तरीही ट्रंक तुझ्याबरोबरच ने. जयाच्या वडिलांमागे काजू विकून विकून मी ती भरली आहे, पुन्हा भरण्याची ताकद माझ्यात नाही. सासरची माणसं बरी आहेत, पण मुलगी रिकाम्या हाताने आली तर चार तोंडं बोलायला मोकळीच असतात.

आणि एक बातमी. यंदा देवाचा कौल झाला, मार्गशीर्षात गावपळण आहे. मीराला वाचून दाखव. अख्खा गाव तीन दिवस वेशीबाहेर जाऊन राहायचं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळे. गावात चूल पेटायची नाही. हाताने नेता येईल तेवढंच सामान आणि माळावर झावळांची खोपटी. म्हणजे यंदा तुझ्याआधी आमचंच बिऱ्हाड हलणार.

धीर धर. रोज एवढा विचार करशील तर सामानाआधी तुलाच उचलून न्यावं लागेल.

तुझी ताई,
वनमाला


विलेपार्ले,
१ डिसेंबर १९८६

ती. ताईस,
नमस्कार.

तुझ्या पत्राने डोक्यावरचा भार उतरला. राजाराम काल घरी येऊन गेला. चंद्रप्रकाशासारखी उलटतपासणी अजिबात नाही. चहा घेतला, मीराला लिमलेटची गोळी दिली, कपाटाकडे एकदा पाहिलं आणि "होऊन जायत" म्हणाला.

तरी मी खात्री करून घेतली हं. मला काही अगदीच बावळट समजू नकोस. म्हटलं, आपल्या देवळामागचं तळं अजून भरलेलं असतं ना? म्हणाला, होय तर. म्हटलं, तू देवळाकडच्या लवूकाकांचा ना? तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तुझं नाव सांगितलं, तेही लगेच ओळखलं. यंदा गावपळण आहे म्हटल्यावर मात्र अगदी रंगात आला. "माका म्हायत आसा. बारको होतंय तेव्हा घराक कुलूप घालून आमी तीन दिस रानात रवलव." मीरा तोंडाचा आ करून ऐकत होती. मला आपलं वाटलं, हा माणूस तिथे राहून आलाय आणि मी देवखोलची म्हणवते ती नुसती आंबे खायला.

रविवार १४ तारीख ठरली. ट्रंक रिक्षात मावायची नाही, टेम्पोतच घालूया असं तो म्हणतो. त्याचंही खरं आहे, उगीच रस्त्यात कुठे आपटली तर? बहुतेक त्याच्याबरोबरच देईन. तू आता काळजी करू नकोस.

तुझी,
सुलक्षणा


देवखोल,
१० डिसेंबर १९८६

सुलक्षणा,

आशीर्वाद वगैरे नंतर. राजारामला सामान देऊ नको. ट्रंक तर नाहीच, सुईसुद्धा देऊ नको.

तुझं पत्र मला आज मिळालं. गाव रिकामा होता, तेवढे दिवस टपाल पोस्टमनकडेच पडून होतं. आज सकाळी घरी परतलो, चूल पेटवली आणि चुलीसमोरच पत्र वाचलं. कुलूप शब्दाशी आले आणि जळती चूल सोडून उठले.

अगं, आपल्या गावात गावपळणीला कुणी कुलूप घालत नाही. दार नुसतं ओढून घेतात. त्या तीन दिवसांत देव घराघरांतून फिरतो असं आपण मानतो. देव दाराशी आला आणि दाराला कुलूप, असं देवखोलचं शेंबडं पोरही करणार नाही. तुला हे ठाऊक असायचं कारण नाही. आईबाबांनी तुला दोन वर्षांची असताना मुंबईला नेलं, मी आजीजवळ राहिले. आणि मला हे लिहावंसं वाटलं नाही, कारण श्वास घ्यायचा असतो हे कुणी पत्रात लिहीत नाही.

तशीच लवूकाकांकडे धावले. त्यांचा राजाराम पुण्याला कारखान्यात आहे. टेम्पो चालवणं सोड, त्याला सायकल धड येत नाही. मी नुसत्या नावावर त्याची हमी घेतली, घर चार पावलांवर असून विचारलं नाही.

तुझं पत्र पुन्हा वाचलं. तळं तू सांगितलंस, लवूकाका तू सांगितलेस, माझं नाव तू सांगितलंस. तो फक्त होय म्हणाला. स्वतःहून एकच गोष्ट बोलला आणि ती चुकली.

आत्ता मालवणला जाऊन तार करते: राजाराम आपला नव्हे, सामान देऊ नको. रविवारला अजून चार दिवस आहेत. तार मिळताच उलट कळव, तोवर मला अन्न गोड लागायचं नाही.

वनमाला


चारकोप, कांदिवली (पश्चिम),
१८ डिसेंबर १९८६

ती. ताईस,
नमस्कार.

तुझी तार आणि पत्र दोन्ही मिळालं. नलिनीताई मुद्दाम इथे येऊन देऊन गेल्या. ट्रंक सुखरूप आहे. माझ्या उशाशीच ठेवली आहे, कुलपाला कुणी हात लावलेला नाही. राजारामशी आता आपला काही संबंध नाही, तेव्हा तू जेव आणि लग्नाच्या तयारीला लाग.

आम्ही नव्या घरी आलो. सामान लावायला फार वेळ लागला नाही. घर मोठं वाटतं. मीरा हाक मारते आणि भिंत उत्तर देते, तिला त्याची मजा वाटते. बाहेर मोकळं मैदान आहे, खाडीकडून वारा येतो. शेजारी भालेकरांची शकू आहे, फार मायेची. आल्यावर दूध उतू घातलं, तिनेच पातेलं दिलं.

जयाला अनेक आशीर्वाद. तिच्या हळदीला मी असणारच.

तुझी,
सुलक्षणा


देवखोल,
२६ डिसेंबर १९८६

चि. सुलक्षणा हिस,

ट्रंक सुखरूप वाचून देवाला नारळ ठेवला. जया तर नाचायचीच बाकी होती. मग रात्री पत्र परत वाचलं.

शकूने पातेलं का दिलं? आईचं पितळी पातेलं कुठे आहे? तुझ्या लग्नात आईने ते तुला देताना बजावलं होतं की नव्या घरात दूध उतू घालशील ते यातच. आई गेल्यापासून तू ते पातेलं चिंचेने घासून देवासारखं ठेवतेस. तू आणि दुसऱ्याच्या पातेल्यात दूध उतू घालशील?

आणि सामान लावायला वेळ लागला नाही म्हणजे काय? पार्ल्याच्या खोलीत मी आठवडाभर होते, कूस बदलायची तर आधी तुझे डबे बाजूला करावे लागायचे. एवढ्या संसारात हाकेला भिंत उत्तर देते?

मला ते कुलूप ऐकू आलं, तसं हे पातेलंही ऐकू येतंय. मी तुझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी आहे. काय झालं ते खरं लिही. तू बरी आहेस ना, मीरा बरी आहे ना, ते पहिल्या ओळीत लिही.

ताई


चारकोप,
३ जानेवारी १९८७

ती. ताईस,

मी बरी आहे, मीरा बरी आहे.

बाकी सगळं गेलं.

तो मंगळवारी संध्याकाळी आला आणि म्हणाला, रविवारी टेम्पो मोकळा नाही, उद्याच करूया. मला वाटलं एकदाची सुटका होतेय तर बरंच. बुधवारी सकाळी आला. म्हणजे तू तिकडे चुलीसमोर माझं पत्र वाचत होतीस तेव्हा इकडे माझा संसार जिना उतरत होता. कपाट वळणावर अडकलं, कारण जिना त्याने आधी पाहिलाच नव्हता. चंद्रप्रकाश जे जे विचारत होता ते ते मला तेव्हा आठवत गेलं. ज्याला सामान पोचवायचं असतं त्याला जिना किती रुंद हे कळून घ्यावं लागतं. ज्याला पोचवायचंच नाही तो कशाला विचारेल?

शेवटी त्याने तुझ्या ट्रंकेला हात घातला. उचलून पाहिली आणि म्हणाला, "ह्यात काय आसा गो? वजन बरा लागता." इतक्या दिवसांत सामानाविषयी त्याने विचारलेला हा एकच प्रश्न. मला कसंतरीच झालं. का ते तेव्हा कळलं नाही. म्हटलं, ही मी रिक्षातून नेणार, ताईला शब्द दिलाय. तो हसला, पण दोन वेळा पुन्हा विचारून पाहिलंन. मग सोडलंन.

रिक्षात ट्रंक आडवी घातली, तिच्यावर मीरा, माझ्या मांडीवर देवांची टोपली. जोगेश्वरीपर्यंत टेम्पो मागे दिसत होता. गोरेगावला दिसला नाही. मी रिक्षा बाजूला घ्यायला लावली, थांबलो. मग वाटलं तो पुढे गेला असेल, म्हणून इकडे आले. रिकाम्या खोलीच्या दारात ट्रंकेवर बसून वाट पाहिली. चाक पंक्चर झालं असेल. मालाडला गर्दी असेल. पत्ता सापडत नसेल. तासागणिक नवं कारण शोधत होते आणि प्रत्येक कारण मला पटत होतं. अंधार पडल्यावर शकू आली, आमची काही ओळखदेख नाही, आणि म्हणाली, ताई, वरणभात झालाय, लेकीला भूक लागली असेल. तेव्हा मला समजलं की टेम्पो यायचा नाही.

पोलिसांत गेले. टेम्पोचा नंबर? ठाऊक नाही. पावती? नाही. त्याचा पत्ता? मी म्हटलं देवखोल. हवालदाराने लिहिणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. त्याचंही काय चुकलं? तक्रार नोंदवून घेतली आहे, अजून काही पत्ता नाही.

तुजा सामान ता माजाच सामान असं तो म्हणाला होता. शब्दाचा पक्का निघाला. ओळखीचा चोर जिवे न सोडी म्हणतात, माझ्या चोराची तर ओळखसुद्धा मीच त्याला दिलेली.

तुझ्यापासून लपवलं, कारण तुझ्या शब्दावर मी त्याला हो म्हटलं हे तू मनाला लावून घेशील आणि लग्नघरात रडत बसशील. तू रडू नकोस. फसले ती मी. ह्यांनाही कळवलेलं नाही, बोटीवर बसून ते काय करणार? शकूने दोन चादरी दिल्यात, एका स्टोव्हवर भागतं. तिची पातेली मात्र रोज संध्याकाळी घासून परत करावी लागतात आणि सकाळी पुन्हा मागावी लागतात. त्याची लाज वाटते. कपाटासाठी, पलंगासाठी मी रडले नाही. आईच्या पातेल्यासाठी रडले. ते भंगारात कुणी ठोकून चपटं केलं असेल हे डोळ्यांसमोरून जात नाही.

ट्रंकेची काळजी करू नकोस. रात्री तिला पाठ लावूनच झोपते. हलली की आत भांडी वाजतात आणि मीरा विचारते, आई, एवढी भांडी असून आपण शकूमावशीकडे का मागतो? मी सांगते, ती जयाताईची.

सुलक्षणा


देवखोल,
१० जानेवारी १९८७

चि. सुलक्षणा, माझ्या बाळा,

तुझं पत्र मी जयाला वाचायला दिलं. तुझी तशी इच्छा नव्हती, पण ट्रंक तिची, तेव्हा कळायचा हक्कही तिचा.

आधी माझं ऐक. ज्याचा चेहरा मी पाहिला नाही त्याची हमी घेतली ती मी. गावच्या नावाची मला एवढी घमेंड होती की चार घरं टाकून विचारायला जायचेसुद्धा कष्ट घेतले नाहीत. तू माझा शब्द पाळलास म्हणून तुझं घर गेलं आणि तू माझा शब्द पाळलास म्हणून माझी ट्रंक वाचली. आता हे दोन्ही घेऊन मी कुठे जाऊ ते सांग. रडू नकोस म्हणालीस, ते काही जमलं नाही.

आमच्या गावपळणीचं तुला सांगायचं राहून गेलं. माळावर पहिल्या रात्री लक्षात आलं की मी चुलीसाठी सगळं आणलं आणि तवाच विसरले. गावात परत जायची बंदी. शेजारच्या खोपटातून तवा आला, आमची कढई त्यांच्याकडे गेली, तिसऱ्या दिवशी कुणाचं भांडं कुणाकडे याचा पत्ता नव्हता आणि कुणाला लाजही वाटली नाही. तू शकूच्या पातेल्याची लाज बाळगू नकोस. तुझी गावपळण झाली असं समज. फक्त तुझी जरा लांबली आहे.

जयाने पत्र वाचलं, घडी करून ठेवलं. मग म्हणाली, "आये, मावशी माज्या भांड्यांक पाठ लावून उपाशी झोपता?" मी म्हटलं, उपाशी नाही गं, शकू देते. म्हणाली, "ता एकच." मी म्हटलं, लग्नाची भांडी कोरीच न्यायची असतात, सासरचे काय म्हणतील? तर म्हणते, ज्यात दूध उतू गेलं ते पातेलं अपशकुनी कसं होईल, आणि तसं वाटणारी माणसं असतील तर मला आत्ताच कळलेलं बरं. पोरगी मोठी झाली गं.

तेव्हा शालू बाजूला काढून ठेव आणि बाकी सगळं वापर. ताटं घे, वाट्या घे, कळशी घे. भांडी दिसली म्हणून मीराला उगीच ओरडू नकोस, तिला हवं ते घेऊ दे. मी सोमवारी १९ तारखेच्या एसटीने निघते, येताना तांदूळ, कोकम आणि आजीची जुनी पातेली आणते. आईच्या पातेल्यासारखी ती व्हायची नाहीत, पण त्यांच्यात आजीने आईला वाढवली आहे. चंद्रप्रकाशाकडेही मला एकदा ने, त्याला बघायचंय.

राहता राहिली किल्ली. ती इथे माझ्या गळ्यात आहे आणि हे पत्र तुला मिळाल्यावरही मी पोचेपर्यंत तीन-चार दिवस जातील. तेवढी वाट पाहू नकोस. शकूकडून हातोडी माग आणि ट्रंकेचं कुलूप फोड. दाराला मात्र रोज आठवणीने लाव, ते देवखोल नव्हे.

सगळ्यात वर पातेलं आहे, जाड बुडाचं, मी मुद्दाम बघून घेतलेलं. मीराला समोर बसव आणि दूध पुन्हा उतू घाल.

ताई